तीन शिट्ट्या थांबा

वेचणीच्या दिवसांत कापूस घरात आणून टाकला की पहिले एक कोपरा भरते, मंग दुसरा, अन् मंग माणसालेच बसाले जागा राहत नाही. किश्शांचंही तसंच हाये! दोन सालं दर बुधवारी तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसली मी, अन् एकेक करता घर भरलं. मले अक्षर येत नाही, पण याद पक्की हाये. सांगते मी, लिहिणारी लिहिते.

तं ऐका. मोताळ्याकडे एक गाव होतं. नगर नाही, अन् आटपाट तं बिलकूल नाही. एका बाजूनं नाला, दुसऱ्या बाजूनं डांबरी रस्ता. त्या गावात एक बुढी राहे, नाव अंजनाबाई. ते मी. अंजनाबाईले एक लेक, गजानन. गजाननाले एक बायको, रेखा. अन् रेखाले एक पोट्टी, आर्वी, चार वर्षाची. सात एकर कापूस-तूर, एक बैलजोडी, एक गाय. सगळं होतं. फक्त रेखाचे हात कधी कोरडे नव्हते.

कापसावर फवारणी होते, हे तं तुमाले माहीतच हाये. त्या विषाचा थेंब आपल्या हाताले लागला असन, हातातून कणकेत जाईन, अन् आपल्या हातचं खाऊन आपलंच लेकरू मरन, हे भेव तिच्या डोक्यात बसलं. दिवसातून चाळीस-चाळीस वेळा हात धुये. साबण संपला तं कपड्याचा सोडा घे. कातडी उकलली, रक्त आलं, पण धुणं थांबलं नाही. भाकर मी थापत होती, आर्वीले घास मी भरवत होती. मायनं समोर बसून पाहाचं, अन् लेकरानं मायच्या हाताकडे पाहाचं. दीड वर्ष त्या लेकरानं मायच्या हातचा घास खाल्ला नव्हता.

आमाले बाकी काही नको होतं. तो एक घास पाहिजे होता.

*

पहिले कुठं गेलो असू? बाबाकडे! रेखाच्या चुलतसासऱ्यानं सांगतलं, "हे बाहेरचं हाये. दवाखान्यात पैसा नका घालू."

बाबासमोर निंबू, उदबत्त्या, राखेची थाळी. त्यानं रेखाकडे पाह्यलं, डोळे मिटले, अन् म्हणे, "करणी हाये. घरातल्याच बाईनं केली."

आता आमच्या घरात मोठ्या बाया दोन. एक तं रेखा सोता. दुसरी मी! गजानन माह्याकडे पाहून राह्यला, मी बाबाकडे पाहून राह्यली.

बाबानं चिमूटभर राख घेतली अन् म्हणे, "जीभ काढ."

रेखा मांगं सरकली. "महाराज, हात धुतले का तुमी?"

"पाहा! पाहा! भूत बोलून राह्यलं!"

"भूत काऊन बोलन? मी बोलून राह्यली. नखं पाहा तुमचे, काळेकुट्ट झाले."

बाबा असा भडकला की थाळी उपडी झाली. आमी चपला हातात घेऊन बाहेर. रस्त्यानं गजानन दुपट्ट्यात तोंड खुपसून चालून राह्यला होता. मले वाटलं रडते. नाल्यापाशी आल्यावर दुपट्टा काढला अन् म्हणे, "माय, बाबाचं मी काही सांगत नाही. पण भुताचं म्हणणं एकदम बराबर होतं!"

*

मंग गावच्या आशाताईनं रस्ता दाखवला. "काकू, बुधवारी तालुक्याले मनाचा डॉक्टर येते. भुताले नाही, माणसाले पाहते."

डॉक्टरसाहेब तिकडचे, पुण्याच्या बोलीचे. बोलणं असं की जसं कोणी इस्तरी करून दिलं. म्हणाले, "आजी, हा आजार आहे. ओसीडी म्हणतात. यात हिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मेंदूतल्या रसायनांची गडबड होते. गोळी सुरू करू. असर दिसायला दीड-दोन महिने लागतील, घाई करायची नाही."

मी इचारलं, "पथ्य?"

"काही नाही."

"आंबट?"

"चालेल."

"वांगं?"

"चालेल."

"कोहळं? तिखट? तेल?"

"आजी, सगळं चालेल!"

बाहेर येऊन मी गजाननाले म्हटलं, "ज्या गोळीले पथ्य नाही, थे गोळी कायची बे? तुया आज्याले साध्या खोकल्यावर महिनाभर दही बंद होतं! सायेब नवा हाये, सांगाचं इसरला असन." मंग पथ्य मीच ठरवलं. वांगं बंद, आंबट बंद, तेल-तिखट नावाले. एकटीले वाईट वाटू नये म्हणून साऱ्या घराले लागू.

दोन महिन्यांनी गेलो. रेखा म्हणे, "सायेब, भेव उतरलं थोडं. चाळीस वेळाचे वीस झाले." माही छाती फुगली. म्हटलं, "होईन नाही तं काय! पथ्य पाळलं ना!" अन् सगळं सांगतलं.

साहेबांनी गजाननाकडे पाह्यलं. सदरा अंगावर असा लोंबे जसा खुंटीवर टांगला. "आणि यांना काय झालं?"

गजाननानं हात जोडले. "सायेब, माहा इलाज सोपा हाये. वांगं लिहून द्या!"

साहेबांनी खरंच कागद घेतला, वर गजाननाचं नाव टाकलं, अन् खाली लिहिलं, "वांगं. रोज." तो कागद अजून माह्या ट्रंकेत हाये.

*

आता त्या बाकाचं सांगते. बुधवारी मनाच्या खोलीबाहेर एक लोखंडी बाक. त्यावर ठरलेली माणसं. एक रोहिणखेडचे उत्तम मास्तर. शाळेतून रिटायर झाले अन् भिंतीकडे तोंड करून झोपले ते सहा महिने उठलेच नाही. गोळीनं उठले, म्हणून गोळीचे भक्त. दुसरी कमलबाई. तिले भर बाजारात छाती धडधडे, आता मेली असं वाटे. आतल्या मोठ्या मॅडमसंगं बोलून बोलून ते बाजार कराले लागली, म्हणून ते बोलण्याची भक्त.

दोघांचं दर बुधवारी असं जुंपे जसं ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं!

मास्तर म्हणत, "मन म्हणजे मोटरपंप. ऑइल कमी झालं की बंद पडते. ऑइल टाकलं की सुरू. त्याच्याशी गप्पा काय मारता?"

कमलबाई म्हणे, "हो का? अन् मोटर घडीघडी जळते तं विहिरीत डोकावून पाहाचं का नाही? तळाले काय पडलं हाये कोणाले माहीत!"

"डोकावून डोकावून माणूस पडन विहिरीत!"

"तुमी तं पडलेलेच होते, मास्तर!"

एक दिवस दोघं माह्याकडे वळले. "अंजनाबाई, तुमीच सांगा. रोग डोक्यात असते का आठवणीत?"

मी म्हटलं, "मले काय समजते? कापसाची पऱ्हाटी सुकली की माहा सासरा पहिले पानं पाहे, मंग मुळं उकरे, मंग शेजारच्याले इचारे की बाप्पा, तुनं काय फवारलं? पऱ्हाटी कधी म्हणत नाही की माहा एकच इलाज करा."

तितक्यात सिस्टर बाहेर आली. हातात केसपेपर. "उत्तम मास्तर, आज तुम्ही मॅडमकडे. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी पुरेशी नाही, बोलायलाही पाहिजे. आणि कमलबाई, तुम्ही डॉक्टरांकडे. मॅडमनी सांगितलंय, थोडे दिवस गोळी लागेल."

दोघं उठले अन् एकमेकाच्या दारात गेले. बाहेर आले अन् बाकाच्या दोन टोकाले बसले.

कमलबाई हळूच म्हणे, "मास्तर, हे गोळी जेवणाच्या आधी घ्याची का मंग?"

मास्तर इकडेतिकडे पाहून म्हणे, "पहिले तुमी सांगा. तिथं रडू आलं तं चालते का?"

*

मोठ्या मॅडमकडे रेखाही जाऊ लागली. गोळीनं चाळीसचे वीस झाले, पण वीसवर गाडी अडकली होती.

या मॅडम जुन्या गोष्टी उकरत. माय कशी होती, बाप रागवे का, लहानपणी काय घडलं. एक दिवस मलेच आत बोलावलं. मी म्हटलं, झालं! आता सासूचा जाच काढतीन. पदर खोचून तयारीनंच आत गेली.

मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमचं लहानपण कसं गेलं?"

काय सांगू तुमाले! सत्तर वर्षाची झाली मी, हा सवाल मले कोणीच केला नव्हता. मी सुरू झाली. आठव्या वर्षी गुरं राखाले लागली तिथून, बाप शाळेच्या दारातून वापस घेऊन आला तिथून, लग्नात खोट्या पाटल्या घातल्या तिथून. रडली, हासली, पाणी पेली, परत सुरू! बाहेर आली तं दुपार टळलेली. रेखाचा नंबर माह्यातच गेला होता.

कमलबाई म्हणे, "अंजनाबाई, पेशंट नक्की कोण हाये?"

पण पुढच्या खेपांत रेखा बोलली. जे गजाननालेही माहीत नव्हतं ते बोलली. ते नऊ वर्षाची होती. बाप शेतात फवारून राह्यला होता, लहाना भाऊ पाणी मागून राह्यला होता. हिनं जवळ दिसला तो मग घेतला अन् त्याले पाणी पाजलं. तो मग विष मोजाचा होता. भाऊ दवाखान्यात तीन दिवस होता, वाचला, आता चिखलीकडे ट्रॅक्टर चालवते, दोन लेकरं हायेत त्याले. पण त्या दिवशी अंगणात कोणीतरी म्हटलं होतं, "पाजलं कोणं? रेखीनं ना?" थे बोल तिच्या हाताले चिकटले.

खोलीतून बाहेर आली तं चेहरा उन्हात वाळवलेल्या लुगड्यासारखा हलका. पण बाकावर बसली अन् हात पुढं करून म्हणे, "आत्याबाई, कारण समजलं. पण हात अजून ओलेच हायेत हो."

*

मंग मोठ्या मॅडमची बदली झाली अन् नव्या मॅडम आल्या. पोट्टीच! दोन वेण्या घातल्या असत्या तं शाळेत बसवली असती. मास्तर मले म्हणे, "हे काय इलाज करन? हिले तं मीच पाढे शिकवीन."

या मॅडमचं लहानपणाशी काही घेणंदेणं नाही. त्यांनी वही काढली अन् पायऱ्या आखल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर सगळ्यात लहान भेव, सगळ्यात वरच्या पायरीवर सगळ्यात मोठं. खाली लिहिलं, फाटकाची कडी. वावरातून आल्यावर गजानन तिले हात लावते म्हणून रेखा ते कडी कोपरानं उघडे. वर लिहिलं, कणीक मळून आर्वीला घास भरवणे. मधात बाकीच्या आठ.

मॅडम म्हणाल्या, "ताई, कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढेल, चढू द्या. थांबलात की तीच उतरते. आणि विचार आला म्हणून घाबरायचं नाही. विचार म्हणजे रस्त्यावरची एसटी. येते, जाते. प्रत्येक एसटीत चढायलाच पाहिजे का?"

रेखा म्हणे, "मॅडम, आमच्या गावाले एकच एसटी येते. चढाच लागते!"

त्या पोट्टीले असं हासू आलं की वही खाली पडली. तेव्हा मले वाटलं, हिले जमन.

गजाननाचंही त्याच दिवशी निकालात निघालं. फवारून आला की रेखा त्याले अंगणातच पाच-पाच आंघोळी घालाले लावे. हिवाळ्याच्या तोंडी चौथ्या आंघोळीले तो ओरडला होता, "रेखा, विष केव्हाचं गेलं, आता मीच जाईन!" मॅडम म्हणाल्या, "फवारणीनंतर साबणानं एकदा आंघोळ आणि कपडे वेगळे, ही काळजी झाली. ती पाळायचीच. पुढच्या चार आंघोळी म्हणजे आजार."

गजानन म्हणे, "मॅडम, हे तुमी एका कागदावर लिहून शिक्का मारून द्या!"

आता हात न धुता थांबाचं किती वेळ? घरचं घड्याळ बंद. मी कुकरमध्ये तुरीचं वरण लावलं अन् म्हटलं, "तीन शिट्ट्या थांब." रेखानं कडीले हात लावला अन् चुलीपाशी येऊन बसली. बोटं अशी फाकवलेली जशी जळून राह्यली.

पहिल्या दिवशी एक शिट्टी झाली अन् ते धावत मोरीवर! दुसऱ्या दिवशी दोन शिट्ट्या. चौथ्या दिवशी मी बाजूले बसून मॅडमनं सांगतल्यासारखं इचारत गेली, "दहातून भेव किती?" "नऊ." शिट्टी झाली. "किती?" "नऊच." दुसरी झाली. "आठ." तिसरी झाली. "बोल ना माय, किती?"

"सहा... आत्याबाई, पाच! मी काहीच नाही केलं अन् ते आपोआप उतरून राह्यलं!"

त्या नादात चौथी झाली, पाचवी झाली, वरणाची खीर झाली. पुढं महिनाभर आमच्या घरी दोन्ही वेळ वरण. गजानन ताटाकडे पाहून म्हणे, "सायबाच्या वक्ताले वांगं गेलं, मॅडमच्या वक्ताले वरण आलं. एखांदा श्रीखंडवाला डॉक्टर नाही का?"

*

सहा पायऱ्या चढली रेखा, अन् सातवीवर थांबली. पुढं सरकेचना. मॅडमनं मले इचारलं, "आजी, घरी हिला मदत कोण करतं?"

मी टेचात म्हटलं, "कोण म्हणजे? मी! दिवसातून वीस वेळा इचारते मले, आत्याबाई, विष नाही ना लागलं? अन् मी वीसही वेळा सांगते, नाही माय, मी पाह्यलं, हात साफ हायेत. कधी कटाळली नाही मी!"

मॅडमनं पेन खाली ठेवला. "आजी, शेतकरी आहात तुम्ही. तणाला पाणी घालतं का कोणी?"

माह्या तोंडचं पाणी पळालं. दीड-दोन वर्ष मी जे पुण्य समजून करत होती, त्यावरच तो आजार पोसून राह्यला होता! मी सांगे तवा तिले दोन घडी बरं वाटे, अन् दोन घडीनं ते परत इचाराले ये. मॅडम म्हणाल्या, "आता एकच उत्तर. माहीत नाही बुवा. बस्स."

बोलाले सोपं हाये. ते समोर येऊन उभी राहे, उकललेले हात पुढं करे, डोळ्यांत पाणी. "आत्याबाई, एकदा सांगा. एकदाच." माह्या जिभेवर 'साफ हायेत माय' येऊन बसे. मंग मी तोड काढली. ते येताना दिसली की तोंडात अख्खी सुपारी! दातानं धरून ठेवाची, म्हणजे तोंड उघडताच येत नाही. मुंडी हालवाची, माहीत नाही बुवा!

पहिल्या दिवशी सतरा सुपाऱ्या. ते मोरीपाशी बसून रडली, मी देवळीपाशी बसून रडली. मधात भिंत होती, पण दोघींलेही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी चौदा. आठ दिवसांनी सहा. पंधराव्या दिवशी ते आली, हात पुढं केले, माह्या फुगलेल्या गालाकडे पाह्यलं, अन् तिले हासूच आलं. "राहू द्या आत्याबाई. नाही इचारत." अन् गेली!

मी खुशीनं दात दाबले, अन् कट्! अक्कलदाढेचे दोन तुकडे.

बुधवारी दोघीही दवाखान्यात. सिस्टर म्हणे, "आज पेशंट कोण?" मी गालाले हात लावून दोन बोटं दाखवली. संध्याकाळी दोघी दोन कागद घेऊन निघालो. रेखाच्या कागदावर लिहिलं होतं, 'चांगली सुधारणा'. माह्या कागदावर, 'दाढ काढणे'!

*

आता रोडग्यांचं.

मॅडमपासून मी एक गोष्ट लपवली होती. बाबाकडून आलो त्याच दिवशी मी नाल्याकाठच्या निंबाखाली मरीमायले नवस बोलली होती, रेखाचा हात कोरडा होऊ दे, तुले रोडगे वाहीन. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या इंगोलात भाजाचे, राख झटकून फोडाचे, अन् तूप सोडून वांग्याच्या भाजीसंगं खाचे. अन् आमच्याकडे नवसाचे रोडगे घरच्या सुनेनंच मळाचे असतात. दुसऱ्याच्या हातचे चालत नाहीत.

नऊ पायऱ्या झाल्या. दहावी राह्यली. तवा रेखानंच मॅडमजवळ माहा नवस फोडला! मी खाली मान घालून बसली. वाटलं, आता म्हणतीन, आजी, हे काय अंधश्रद्धा.

मॅडमनं वही उघडली. सगळ्यात वरच्या पायरीवरचं 'कणीक मळून' खोडलं अन् लिहिलं, 'मरीमायचे रोडगे मळून'. म्हणाल्या, "आजी, नवस तुमचा, पायरी माझी. जागा एकच आहे!"

आतून डॉक्टरसाहेब ओरडले, "आणि गोळी माझी! ती मी सांगेपर्यंत सोडायची नाही!"

बाहेरून कमलबाई ओरडली, "अन् बाक आमचा! आमाले बोलावल्याशिवाय रोडगे लावाल तं पाहा!"

म्हणून साऱ्यांलेच बोलावलं. रविवारी सकाळी निंबाखाली सतरंजी टाकली. मास्तर धुतलेल्या टोपीत, कमलबाई नव्या लुगड्यात, नव्या मॅडम, डॉक्टरसाहेब, आशाताई. गजाननानं वांग्याची भाजी सोता केली, मोठं पितळी गंज भरून, जसं जुनं वैर काढून राह्यला.

परातीत कणीक. रेखा समोर बसली. हात एकदा धुतले, पुसले, अन् कणकेत घातले.

मास्तर आभाळ पाहून राह्यले. कमलबाई पदर चावून राह्यली. रेखाचे हात चालत होते. अर्धी कणीक मळली असन, अन् हात थांबले. तिनं वर पाह्यलं. सिद्दं माह्याकडे.

"आत्याबाई..."

मी कमरेची पिशवी चाचपली. दाढ गेल्यापासून सुपारी ठेवतच नव्हती मी! नव्या मॅडमनं डोळे मिटून घेतले.

"आत्याबाई, मीठ टाकलं का हो मी?"

सवयीनं माह्या तोंडून निघून गेलं, "माहीत नाही बुवा!"

निंबावरचे कावळे उडाले इतके लोकं हासले! रेखाही हासली. अन् हासता हासताच तिनं बोटाले लागलेली कणीक जिभेवर ठेवली. आपल्याच हातची! चाखली, चमचम करून पाह्यली, अन् म्हणे, "नाही टाकलं. द्या इकडे मिठाचा डबा."

मी डबा देऊ का पदरानं डोळे पुसू, मलेच समजेना.

रोडगे भाजून निघाले. मरीमायपुढं पाच ठेवले. सहावा रेखानं घेतला, राख झटकली, फुंकली, फोडला, आत तूप सोडलं. आर्वी माह्या मांडीवर होती. सवयीनं तिनं माह्याकडेच तोंड उघडलं. मी तिचं तोंड धरून वळवलं.

रेखानं घास केला. पुढं केला. लेकरानं पहिले मायच्या हाताकडे पाह्यलं, मंग तोंडाकडे, अन् मंग बोटांसकट घास गपकन धरला!

"माय, अजून!"

गजानन वाढता वाढता उभाच राह्यला. पळी हातात, भाजी सतरंजीवर.

मंग पंगत बसली. साहेबांनी टाकीवर जाऊन साबणानं हात धुतले, येऊन मांडी घालून बसले. समोर रोडगा आला, त्यावर राखेचा करडा हात फिरलेला. गोवरीची राख! साहेबांनी रोडग्याकडे पाह्यलं, राखेकडे पाह्यलं, स्वतःच्या हाताकडे पाह्यलं. हळूच खिशातून हात साफ कराची थे छोटी बाटली काढली अन् झाकण उघडू लागले.

रेखा तुपाची वाटी घेऊन त्यांच्याच पुढं उभी होती.

"सायेब, एकदा धुतले ना?"

"हो, पण..."

"मंग आता तीन शिट्ट्या थांबा!"